सावलीची झाडं कॉफीचं पाणी पितात का? आधी महिना बघा, मग मुळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्नाटकातल्या कोडगू (कूर्ग) जिल्ह्यात सुंटीकोप्प्याजवळ दहा एकर रोबस्टा जातीची कॉफी. वर दाट सिल्व्हर ओक, मधूनमधून जुनी जंगली झाडं, खोडांवर मिरीचे वेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ्याचं पाणी तुषार सिंचनाच्या दोन पाळ्यांना पुरत नाही. शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी सावली जवळजवळ साफ केली आणि त्याचं पीक वाढलं. तो म्हणतो, झाडं पाणी ओढतात, काढून टाका. जुनेजाणते म्हणतात, सावली गेली तर मळा वाळेल. कुणाचं ऐकायचं?

कोडगू आणि चिकमगळूर या दोन्ही भागांत मी बरीच वर्षं कॉफीच्या मळ्यांचं काम पाहतो आहे, आणि हा वाद दर उन्हाळ्यात ऐकतो. म्हणून उत्तर आधी देतो, कारणं मागून. झाडं पाणी पितात, आणि भरपूर पितात. सावलीच्या मळ्याचा वर्षभराचा एकूण पाणीखर्च उघड्या मळ्यापेक्षा सहसा जास्त भरतो. तरीही तुमची सावली सरसकट काढू नका, विरळ करा आणि झाडांची जात हळूहळू बदला. वर्षाची बेरीज तुमच्या कामाची नाही. जून ते सप्टेंबर तुमच्याकडे पाणी नको इतकं असतं. त्या काळात झाडांनी कितीही प्यायलं तरी बिघडत नाही. टंचाई डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांतली आहे. त्या महिन्यांत कोणतं झाड जमिनीच्या कोणत्या थरातून पाणी घेतं आणि बदल्यात कॉफीचं किती पाणी वाचवतं, एवढंच तपासायचं.

आधी कॉफीचा स्वभाव. हे मुळात जंगलाच्या पोटातलं झुडूप. अरेबिका ही दुसरी जात नैर्ऋत्य इथिओपियाच्या डोंगरी जंगलांतली, रोबस्टा मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या सखल, दमट जंगलांतली. भर उन्हाचा तिच्या पानाला उपयोग करता येत नाही. पूर्ण उन्हाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढ्या उजेडात एका पानाची अन्न बनवण्याची क्षमता भरून जाते. वरचं ऊन फक्त पान तापवतं. पान तापलं आणि हवा कोरडी असली की पानातून पाणी झपाट्याने ओढलं जातं. तेवढ्या वेगाने मुळं आणि खोड पाणी वर पोचवू शकत नाहीत, म्हणून कॉफी पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटून घेते. पाणी वाचतं, पण त्या वेळात अन्नही तयार होत नाही. मार्चच्या कोरड्या दिवसांत उघड्यावरची कॉफी सकाळचे काही तासच खरं काम करते, मग जमिनीत ओल असली तरीही.

सावली इथे मदत करते. कोस्टा रिकात इंगा जातीच्या झाडांखाली केलेल्या मोजणीत कॉफीच्या पानांचं कमाल तापमान उघड्या मळ्यापेक्षा ५ अंश सेल्सिअसपर्यंत खाली आलं होतं. मेक्सिकोच्या चियापास भागात ब्रेंडा लिन यांनी केलेल्या अभ्यासातही दाट सावलीखाली जमिनीतून उडून जाणारं पाणी आणि कॉफीच्या पानांतून जाणारं पाणी, दोन्ही कमी झालेलं दिसलं. आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडलं जातं. हिवाळ्यात पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो, आणि झाडांची भिंत नसेल तर तो पानांभोवतीची दमट हवा टिकू देत नाही.

मग तुमच्या मळ्यात नेमकी अडचण कुठे आहे, जमिनीत की हवेत? हे कळायला उपकरण लागत नाही. दुपारी दोन वाजता पानं लोंबलेली दिसतील. दुपारी सगळ्यांचीच लोंबतात, तेवढ्यावरून काही ठरवू नका. त्याच झुडपांवर खूण करा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडता उजाडता, पुन्हा जा. रात्रभर पर्णरंध्रं मिटलेली असतात, मुळं पाणी घेत राहतात, आणि पहाटेपर्यंत पान जमिनीतल्या ओलीशी बरोबरी साधतं. पहाटे पानं ताठ, टवटवीत असतील तर जमिनीत अजून पाणी आहे आणि दुपारचा त्रास ऊन-वाऱ्याचा आहे. तिथे सावली वाढवली तर फायदा, पाणी वाढवून फारसा नाही. पहाटेही पानं मलूल असतील तर मुळांच्या थरातली ओल संपली आहे. ही पाहणी मळ्यात तीन ठिकाणी करा: सिल्व्हर ओकच्या दाट गर्दीत, एखाद्या जुन्या अत्तीखाली (उंबराखाली), आणि जिथे आभाळ उघडं दिसतं तिथे. तीन ठिकाणची उत्तरं सहसा वेगळी येतात, आणि तीच तुमच्या प्रश्नाची निम्मी उकल आहे.

आता मुळांकडे येऊ. रोबस्टाची तंतुमुळं बहुतांशी वरच्या फूटभर मातीत पसरलेली असतात. अरेबिकाची थोडी खोल जातात. आपल्या तांबड्या मातीचा वरचा दोन फुटांचा थर पावसाळा संपताना पूर्ण भरलेला असतो. त्यात झाडांना उचलता येईल असं पाणी धरलं तर अंदाजे ७०-८० मिलिमीटर. कोरड्या दिवसांत मळ्याची रोजची ओढ ३ मिलिमीटर धरली, तर हा साठा महिन्याभरात संपायला हवा. प्रत्यक्षात पावसाळ्यानंतरचा कोरडा काळ तीन महिन्यांहून मोठा असतो आणि तरीही मळा उभा राहतो. याचा अर्थ खालच्या थरांतलं पाणी कामाला येतं, आणि वरच्या थराची ओढ कुणीतरी कमी करतं. झाड चांगलं असेल तर या दोन्ही गोष्टी करतं. वाईट असेल, किंवा चांगलंच पण गर्दीत लावलेलं असेल, तर वरच्या फूटभर मातीत कॉफीशी भांडतं.

आकड्यांत सांगायचं तर असं. धरून चला की मध्यम वयाचं एक झाड कोरड्या दिवसांत रोज ४० लिटर पाणी घेतं आणि एकरी अशी ६० झाडं आहेत. ९० दिवसांत ते २ लाख १६ हजार लिटर झाले. एक एकरावर १ इंच पाणी द्यायला साधारण १ लाख लिटर लागतात. म्हणजे झाडांनी २ इंचांहून जास्त पाणी घेतलं, फुलोऱ्यासाठी द्यायच्या दीड इंचाच्या आख्ख्या पाळीपेक्षा अधिक. हे पाणी आठ-दहा फुटांखालून आलं असेल तर कॉफीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तिची मुळं तिथे पोचतच नाहीत. तेच पाणी वरच्या दोन फुटांतून गेलं असेल तर शेजारी म्हणतो ते शब्दशः खरं आहे.

कोस्टा रिकातल्या कामातून हेच पुढे आलं. तिथे झाडांसह मळ्याचा एकूण बाष्पोत्सर्ग, म्हणजे पानांतून हवेत जाणारं पाणी, जास्त, पानांवर अडकून उडून गेलेला पाऊसही जास्त, पण जमिनीवरून वाहून गेलेलं पाणी कमी. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, माती खोल, म्हणून कॉफीला झाडांमुळे तहान लागलेली दिसली नाही. निकाराग्वाच्या कोरड्या पट्ट्यात झाडांची मुळं कॉफीच्या खाली पसरलेली होती, तरीही कडक उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण झाली. खोल मुळं ही चांगली गोष्ट आहे, पण खाली पाणी असलं तरच. कोडगूतही हा फरक एकाच जिल्ह्यात दिसतो. पश्चिमेला भागमंडलला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पूर्वेला कुशालनगरला १००० च्या आसपास. भागमंडलचा सल्ला सुंटीकोप्प्याला लागू करणं चुकीचं. तुम्ही मध्ये आहात, आणि कोरड्या बाजूला झुकलेले आहात.

सिल्व्हर ओकबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण तुमच्या मळ्यातली गर्दी त्याचीच आहे. हे ऑस्ट्रेलियाचं झाड. सरळ वाढतं, लवकर वाढतं, मिरीला आधार देतं, विकलं तर पैसे येतात. शिवाय कर्नाटकात देशी झाड तोडायला १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, सिल्व्हर ओकला लागत नाही. कोडगूतल्या कित्येक बाणे जमिनींवर, म्हणजे भातशेतीला जोडून दिलेल्या रानाच्या जमिनींवर, तर जुन्या झाडांच्या लाकडाचा हक्कच मालकाकडे नाही. त्यामुळे शेतकऱ्याने फणस-अत्तीच्या जागी सिल्व्हर ओक लावला, यात त्याला दोष देता येत नाही. कायद्याने देशी झाड त्याच्यासाठी ओझं करून ठेवलं, हे मला फार खटकतं.

पाण्याच्या बाबतीत या झाडाचा सर्वांत बारकाईचा अभ्यास कॉफीत झालेला नाही, केनियातल्या माचाकोसच्या मक्याच्या शेतांत झाला आहे. तिथे वरच्या ६० सेंटिमीटर मातीतली मुळं उघडी पाडल्यावरही झाडाचा रसप्रवाह, म्हणजे खोडातून वर चढणारं पाणी, फारसा घटला नाही, म्हणजे ते खालून भरपूर पाणी उचलू शकतं. ही त्याची चांगली बाजू. पण वरचा थर ओला झाला की ते तिथूनही घेतं, आणि खाली कोरडं असेल तर मक्याला मागे टाकतं. याच ठिकाणी १९९९ साली आणखी एक गोष्ट नोंदली गेली. पाऊस पडून वरची माती भिजली आणि खालची कोरडी राहिली, तेव्हा सिल्व्हर ओकच्या मुळांमधून पाणी उलटं, वरून खाली वाहत गेलं. ही गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. जानेवारीअखेर खालचा थर सुकलेला असताना तुम्ही तुषार सिंचनाने वरचा थर भिजवता, आणि त्यातला काही वाटा दाट लावलेल्या झाडांमार्फत खाली जाऊ शकतो. एकरी थोडी झाडं असतील तर याची काळजी करू नका. दहा-दहा फुटांवर ओक उभे असतील तर करा.

दुसरी बाब पानगळीची. झाडाला पानं नसतील तर ते पाणी जवळजवळ घेत नाही, पण सावलीही देत नाही. शिरीष कुळातली अनेक झाडं ऐन उन्हाळ्यात पानं टाकतात. पाणी वाचलं म्हणून आनंद मानावा तर कॉफी नेमकी तेव्हाच उघडी पडते. उलट अत्ती आणि बसरी, गोणी ही वडा-पिंपळाची भावंडं फार काळ ओकीबोकी राहत नाहीत. जुनी पानं टाकून नवी पालवी पटकन घेतात आणि पाणी खोलातून आणतात. कॉफीवर कुठलं झाड चांगलं असं कोडगूतल्या म्हाताऱ्या मालकाला विचारा, अत्तीचं नाव पहिल्या दोन-तीन नावांत येईलच. फणसही उत्तम, फक्त त्याची सावली गडद पडते, म्हणून खालच्या फांद्या काढून छत्र उंच न्यावं लागतं. पांगाऱ्याच्या जातीचा दादप हा खालच्या मजल्याचा. त्याची छाटणी पावसाळ्याच्या तोंडाला करतात. पावसाळ्यात उजेड मिळतो, दमटपणा कमी झाल्याने कोळेरोगाला (पानं-फळं कुजवणाऱ्या बुरशीला) आळा बसतो, आणि दिवाळीनंतर ऊन चढेपर्यंत दादप पुन्हा पालवतो. छाटलेला पाला लवकर कुजतो आणि नत्र देतो. सिल्व्हर ओकचं पान चिवट, ते हळू कुजतं. खत म्हणून सुमार, पण उन्हाळाभर जमीन झाकून ठेवायला उपयोगी. वरचा मजला मिश्र देशी झाडांचा आणि खालचा दादपचा, ही भारतातल्या कॉफीची जुनी दुमजली पद्धत पाण्याच्या हिशोबानेही टिकते.

अरेबिकावाल्यांसाठी एक सूचना मध्येच देतो. तुमच्याकडे सावली काढण्याचा विचार पाण्यापुरता करू नका. खोडकिड्याची, म्हणजे ‘व्हाइट स्टेम बोरर’ या खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची, मादी उन्हात तापलेल्या खोडावर अंडी घालणं पसंत करते. सावली गेली की दोन-तीन वर्षांत झुडपंच जातात. रोबस्टाला हा धोका नाही, म्हणून शेजाऱ्याचं धाडस चाललं.

आता बहराच्या पावसाबद्दल, कारण तिथे सावलीचा हिशोब सर्वांत नाजूक आहे. संत्र्याला किंवा डाळिंबाला ताण देऊन बहर धरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल, कारण तत्त्व तेच आहे. कॉफीच्या कळ्या तयार होऊन झोपी जातात. कोरड्या हवेचा ताण बसला आणि मग एकदम पाणी मिळालं की त्या जाग्या होतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत मळा पांढरा होतो. रोबस्टाला फेब्रुवारी-मार्चमध्ये, अरेबिकाला मार्च-एप्रिलमध्ये हा वळवाचा पाऊस लागतो, दीड इंचाच्या आसपास आणि शक्यतो एका दमात. पुढे पंधरा-वीस दिवसांत आणखी इंचभर, नाहीतर धरलेली फळं गळतात.

दाट सावलीचा इथे दोन प्रकारे त्रास होतो. पहिला म्हणजे ताण पुरेसा बसत नाही. ओल रेंगाळते, कळ्या मागेपुढे तयार होतात, बहर तुकड्यातुकड्यांत येतो. कमी उजेडामुळे पेऱ्यागणिक कळ्याही कमी लागतात. दुसरा त्रास पावसाच्या पहिल्या थेंबांचा. दोन मजल्यांची झाडं, त्याखाली कॉफीची पानं, खाली पाचोळा. एवढं सगळं भिजायलाच साधारण ३-४ मिलिमीटर पाणी जातं आणि ते तिथूनच उडून जातं. ३५ मिलिमीटरची सर आली तर या वाट्याचं काही वाटत नाही. ७-८ मिलिमीटरची आली तर निम्मं पाणी वाटेतच संपतं, आणि कळ्यांना जेवढं मिळतं त्याने त्या अर्धवट जाग्या होऊन करपतात. अशा अपुऱ्या सरीनंतर ज्यांच्याकडे तळं आहे त्यांनी दोन-तीन दिवसांच्या आत तुषार सिंचनाने उरलेलं पाणी पुरं करावं. तुमचं पाणी मर्यादित आहे, म्हणून हे नीट लक्षात ठेवा: हंगामाच्या सुरुवातीलाच सगळं तळं रिकामं करू नका, अपुऱ्या सरीची भरपाई करण्यापुरतं पाणी राखा.

तळ्याचा हिशोबही मांडून बघा. दहा एकरांना दीड इंचाची पाळी म्हणजे १५ लाख लिटर, वर इंचभराची दुसरी पाळी म्हणजे १० लाख. एकूण २५ लाख लिटर. ३० मीटर लांब, २८ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळं काठोकाठ भरलेलं लागेल, आणि तळ्यातून उडून जाणारं पाणी वेगळं. तुमचं तळं याहून लहान असेल तर सगळी झाडं तोडूनही दोन पाळ्या होणार नाहीत. अशा वेळी मळ्याचे दोन भाग करा. खोल मातीचा, पूर्व-उत्तर उताराचा भाग पावसाच्या भरवशावर थोडा थांबू शकतो. पश्चिम-दक्षिण उतारावर दुपारचं ऊन सरळ येतं, तिथे आधी पाणी द्या आणि तिथली सावलीही दाट राखा. पाइप मांडताना एक बघा: जाड खोडांच्या मागे फवारा पोचत नाही, तिथे कोरडे पट्टे राहतात आणि त्या झुडपांचा बहर फसतो. दाट ओकांच्या मळ्यात असे पट्टे खूप असतात, आणि लोक त्याचा दोष झाडाच्या मुळांना देतात.

बहराला मधमाश्यांचाही संबंध आहे. रोबस्टाला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. आग्या माश्यांची पोळी उंच, जुन्या झाडांच्या आडव्या फांद्यांना लागतात. सरळसोट सिल्व्हर ओकवर त्यांना तशी जागा मिळत नाही. जुनं झाड तोडण्याआधी वर मोहोळ लागतं का ते बघून घ्या.

शेजाऱ्याचं पीक वाढलं, हे मी नाकारत नाही. सावली काढली की उजेड वाढतो, पेऱ्यापेऱ्याला कळ्या लागतात. वर्षानुवर्षं साठलेला पाचोळा आणि तोडलेल्या झाडांची मुळं कुजून खत मिळतं. झाडांची पाण्याची ओढही थांबते. पहिली दोन-तीन वर्षं म्हणून छान जातात. पुढे पाचोळ्याचा थर संपतो आणि नवा पडत नाही. उघड्या जमिनीवर गवत माजतं, आणि गवताची मुळं नेमकी कॉफीच्याच थरात असतात. झाड निदान खोल जातं, गवत जात नाही. फळांचा भार झुडपाला झेपेनासा होतो, फांद्यांची टोकं वाळत येतात, आणि एक वर्ष भरघोस, एक वर्ष रिकामं असं चक्र सुरू होतं. हे सगळं खत आणि पाणी वाढवून रेटता येतं. व्हिएतनामने डाक लाकच्या पठारावर तेच केलं. तिथे उघड्यावरच्या रोबस्टाने प्रचंड उत्पादन दिलं, पण ते भूजलावर उभं होतं. विहिरींची पातळी खाली गेली आणि २०१५-१६ च्या एल निनोच्या दुष्काळात अनेक बागा सुकल्या. शेजाऱ्याकडे आटणारं तळं आहे की बारमाही ओढा, हे विचारल्याशिवाय त्याची नक्कल करू नका. २०२४ मध्ये रोबस्टाचे भाव विक्रमी झाले, तेव्हापासून सावली काढण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. भाव उतरतात. पन्नास वर्षांचं झाड मात्र पन्नास वर्षांनीच परत येतं.

मळ्याच्या बाहेरचाही विचार करू. तुमच्या ओढ्याचं पाणी कावेरीला जातं, आणि तेच पुढे बंगळूरच्या नळाला येतं. झाडं भूजल वाढवतात की संपवतात, यावर शास्त्रज्ञांत मोठी चर्चा झाली आहे. झाड पाणी वर उडवतं, पण त्याच्या मुळांमुळे आणि पाचोळ्यामुळे माती सच्छिद्र राहते आणि पाऊस आत मुरतो. यात कोणतं पारडं जड ते पावसावर, मातीवर आणि झाडांच्या दाटीवर ठरतं. उत्तर कन्नड जिल्ह्यात जगदीश कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैसर्गिक जंगलाच्या पाणलोटात उजाड झालेल्या जमिनीपेक्षा पाणी जास्त मुरत असल्याचं दिसलं. बुर्किना फासोत, जिथे पाऊस खूपच कमी, २०१६ च्या अभ्यासात भूजलाची सर्वाधिक भर मध्यम दाटीच्या झाडांखाली पडली. उघड्या रानात कमी, गच्च झाडीतही कमी. प्रदेश वेगळा आहे, पण तुमच्यासारख्या मधल्या पावसाच्या पट्ट्यात मी हीच दिशा धरून सल्ला देतो: झाडी मध्यम, मिश्र, खाली पाचोळा न हलवलेला.

महाराष्ट्रातूनही अलीकडे हा प्रश्न येतो, म्हणून दोन शब्द. मेळघाटात चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटर उंचीवर, इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे. तिथे पाऊस चार महिन्यांत आटपतो आणि वळवाचा भरवसा नाही. सावली अपरिहार्य आहे, पण झाडं कोडगूपेक्षा विरळ आणि खोल मुळांचीच हवीत. कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत रोबस्टा लावून बघणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. जांभ्यावर माती उथळ, नारळा-सुपारीची मुळं झुपकेदार आणि वरच्याच थरात. झाड खालचं पिईल, कॉफी वरचं, ही वाटणी तिथे होतच नाही. दोन्ही पिकांचं पाणी बेरीज करून द्यायची तयारी असेल तरच लावा.

आता तुमच्या दहा एकरांचं. पहाटेच्या पानांची पाहणी या फेब्रुवारीत करा. सोबत तीन खड्डे घ्या, मीटरभर खोल: एक ओकच्या खोडापासून हातभर अंतरावर, एक दोन ओकांच्या मध्ये, एक उघड्यावर. अर्धा फूट, दीड फूट आणि तीन फुटांवरची माती मुठीत दाबून बघा; गोळा होतो की भुगा, तेवढं पुरे. ओकजवळ वर भुगा आणि खाली ओल असेल तर झाड वरच्या थरात भांडतंय आणि तिथे विरळणी हवी. सगळीकडे वर-खाली सारखंच कोरडं असेल तर दोष झाडांपेक्षा मुरणाऱ्या पाण्यात आहे. पावसाळ्याआधी उताराला आडवे, तुटक चर घ्या, म्हणजे पुढच्या पावसाचं पाणी जागेवर थांबेल. पाऊस संपता संपता, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वरची माती हलकी हलवून पाचोळ्याने झाकली तर ओल बरीच टिकते.

विरळणी करायची तर ज्यावर मिरी नाही असे ओक आधी निवडा, वर्षाला एकूण झाडांच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. काम मेच्या अखेरीस, वळीव लागून गेल्यावर करा. जानेवारी-फेब्रुवारीत फांदी काढली तर सावलीत वाढलेली कोवळी पानं एका आठवड्यात भाजतात. मेअखेरीला पुढचे चार महिने ढग असतात, कॉफीला उजेडाची सवय होते. मोकळ्या झालेल्या जागी जूनमध्ये अत्ती, बसरी, फणस लावा आणि ती मोठी होईपर्यंत मध्ये दादपच्या फांद्या रोवा. जुन्या जंगली झाडांना हात लावू नका. त्यांच्या खालच्या फांद्या उतरवल्या तरी पुरे. पहाटेची पाहणी दर फेब्रुवारीत त्याच खुणेच्या झुडपांवर करत राहा, आणि कोणत्या भागातले ओक पुढच्या वर्षी काढायचे ते त्यावरून ठरवा.